खदानीचं विरजण

डोमानं माझ्या भावाच्या उजव्या हातावर लोखंडी सब्बल घातली ती भरदुपारी, चौकातल्या पानठेल्यासमोर, सगळ्या बाजाराच्या देखत. हाड मोडल्याचा आवाज ठेलेवाल्यानं ऐकला म्हणतात. एकही माईचा लाल मधे पडला नाही. पडणार कोण? डोमा म्हणजे पिपरडोहचा राजाच ना बाप्पा! बंद खदानीत चोरून कोळसा काढायचा त्यानं, ट्रक भरायचे त्यानं आणि वाटेत येईल त्याचं हाड मोडायचं तेही त्यानंच. माझा भाऊ शालिक आधी त्याच्याच टोळीत होता. मग याला शिंगं फुटली. यानं आपली वेगळी टोळी काढली, त्याच खदानीत, त्याच भोकातून. एका म्यानात दोन तलवारी राहतात होय?

मी तेव्हा टाकीवर होते. मी म्हणजे रत्ना दुर्गे. अख्ख्या कॉलनीत मला विरजणवाली म्हणतात, आणि ते नाव का पडलं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमची कॉलनी उभी आहे ती पोकळीवर. खाली जुनी खदान आहे. कोळसा काढताना छत खाली येऊ नये म्हणून मधे मधे कोळशाचेच खांब सोडतात आणि त्यांच्यामधून बोगदे जातात. खदान बंद झाली, माणसं निघून गेली, खांब मात्र तिथंच कुजत राहिले. एखादा खांब बसला की वरची जमीन बसते. लांडगेबाईची न्हाणी एका सकाळी जमिनीत गेली. बाई तेवढ्यात टॉवेल आणायला बाहेर आली होती म्हणून वाचली, नाहीतर साबणासकट पाताळात! वर कोळशातून मिथेन वायू सुटतो तो वेगळाच. भिंतींच्या भेगांतून यायचा. काडी ओढायची भीती वाटायची.

मग सरकारी प्रकल्प आला आणि ऋता मॅडम आल्या. त्यांच्याकडे एक जिवाणू होता. हा जिवाणू मिथेन खातो. खाऊन जगायला त्याला आपल्यासारखीच हवा लागते, आणि श्वास सोडतो तोही आपल्यासारखाच, कार्बन डायऑक्साइडचा. आता आमच्याकडे वीजकेंद्राच्या राखेचे डोंगर पडलेले. त्या राखेत चुना असतो. चुना आणि हा श्वास एकत्र आले की चुनखडीचा दगड बनतो. म्हणजे राख, पाणी आणि जिवाणू कालवून पातळ घाटा करायचा आणि खदानीत सोडायचा. तो वायू खात खात फुगतो, कानाकोपऱ्यात शिरतो, छताला जाऊन टेकतो आणि दगड होतो. नुसती राख ओतली की ती खड्ड्यात बसून राहते. हा घाटा मात्र आपलं खाणं शोधत जातो. ज्या वायूची भीती तोच याचा घास.

प्रत्येक नव्या टाकीला आदल्या टाकीतला थोडा घाटा राखून ठेवायचा आणि नव्यात घालायचा. मी म्हटलं, "मॅडम, हे तं आपलं विरजण झालं!" त्या हसल्या आणि तेच नाव पडलं. टाकीवर मला नेमलं. दोनच गोष्टी बजावल्या. एक म्हणजे, माणूस असेल तिथं विरजण सोडायचं नाही, कारण ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं. बंद जागेत माणूस आधी गुदमरेल, दगड नंतर होईल. आणि ताज्या हवेचा झोत लागला तर ते चवताळतं. दिवसभराचं काम तासाभरात करतं.

दुसरी गोष्ट, टाकीबाहेर एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

आता ही दुसरी गोष्ट सांगणं मॅडमला सोपं होतं. कॉलनीतल्या बाया माझ्याकडे वाटी घेऊन येत. भिंतीच्या भेगेत चमचाभर घातलं की भेग मिटते आणि वास थांबतो, हे त्यांनी पाहिलेलं. आणि विरजण मागायला आलेल्या बाईला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. वैरीण का असेना! दिवेलागणीनंतर मागायचं नाही, एवढाच काय तो नियम. त्या दिवसाउजेडी येत आणि मी देत असे. साहेबांचा कागद एका बाजूला आणि माझ्या माईची रीत एका बाजूला, कोणाचं ऐकणार मी?

तर, भावाचा हात मोडल्याच्या तिसऱ्या दिवशी छबू वहिनी आली, शालिकची बायको. हातात वाटी नव्हती, मोठी कॅन होती.

"एवढं कायले व वहिनी?"

"भिंत मोठी हाये," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघेना.

मी कॅन भरून दिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डोमाची बायको सुगंधा टाकीवर धावत आली. पदर कुठं, चपला कुठं. आल्या आल्या तिनं माझी गचांडी धरली.

"माहा नवरा आत हाये! भोक बुजलं! पांढरं, दगडावानी! तुयाच टाकीतलं हाये ते, सटवे!"

मी तिच्याबरोबर गेले. नाल्याच्या काठाला, काटेरी झुडपांमागं ते चोरभोक होतं. तोंड पांढऱ्या दगडानं भरलेलं. मी हात लावला. गरम होतं. विरजण काम करत असलं की गरम असतं. सकाळी पाच जण आत गेले होते. डोमा, त्याचा मेव्हणा किसन, झिबल आत्राम, नथ्थू वाढई आणि एक तेलंगणातला पोचय्या. बाजूला राखेची रिकामी पोती आणि छबू वहिनीची कॅन पडली होती. मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

शालिकच्या घरी गेले तेव्हा तो जेवत होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं भाकरी मोडत होता. अंगाची लाही लाही झाली माझ्या. मी ताट पायानं उडवलं.

"कुठं कुठं ओतलं?"

"काय ओतलं? डोकं फिरलं का तुह्यं?"

"पाच माणसं हायेत आत!"

"माणसं?" तो उठला. "हात मोडला त्यानं माहा! माहा हात पाहाले कोण आलं व? तू आली? टाकी सोडून आली?" आणि त्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी चुलीवर जाऊन आदळले.

चुलीपाशी मुसळ होतं. मी ते उचललं आणि त्याच्या प्लास्टरवर घातलं. तो गुरासारखा ओरडला. वहिनी मधे आली, तिला मी बाजूला लोटलं. पुन्हा मुसळ उचललं.

"बोल! नुसतं तोंडाशी ओतलं का आतही?"

"दोन्ही जागी," तो जमिनीवर पडून म्हणाला. तोंडाशी, आणि आतल्या वाटेवर, जिकडून जुन्या पंपाच्या बोगद्यात निघता येतं तिथं. नीट विचार करून केलं होतं हरामखोरानं. डोमा आत गेल्यावर माणसं लावून दोन्हीकडून कोंडलं.

म्हणजे आता एकच बाजू उरली होती. नाववाली भिंत.

ही भिंत म्हणजे आमच्या कॉलनीचं देऊळच. आम्ही लहान असताना खदानीत नदीचं पाणी घुसलं. त्या भागात माणसं अडकली. बाकीची खदान बुडू नये म्हणून वरच्या साहेबांनी मधे जाड दगडी भिंत बांधून घेतली. नंतर वाचलेल्या कामगारांनी त्या भिंतीवर कोळसा खणायच्या गैतीच्या टोकानं मेलेल्यांची नावं कोरली. त्यात आमच्या बापाचं नाव आहे, कवडू दुर्गे. मॅडमच्या प्रकल्पात सगळी खदान बुजवायची होती, पण भिंतीच्या अलीकडची गॅलरी तेवढी राखायची होती. तिथं संग्रहालय होणार होतं. दिवे लागले होते, पंखा बसला होता, काचेच्या कपाटांत जुने दिवे, टोप्या, हत्यारं मांडून झाली होती. भिंतीच्या पलीकडचं पाणी कधीच आटलं होतं. आता पलीकडं डोमा होता.

"भिंत फोडावी लागते," मी म्हणाले.

"बाबाच्या नावावर सब्बल घालशीन?" शालिक जमिनीवरूनच ओरडला. "एका चोरट्यासाठी? अवं, तेवढीच एक निशाणी राहिली त्याची! आपल्याले तं मढंही नाही भेटलं!"

"आणि मढं का नाही भेटलं? माईनं काय सांगितलं होतं तुले? भिंत बांधून राहिले होते, तवा पलीकडून ठोकून राहिली होती माणसं. ठक ठक ऐकू येत होतं सगळ्यायले. तरी बांधली. बाबा असन त्यात, ठोकत असन. तू आज तेच केलं शालिक. तूच भिंत बांधली."

तो डाव्या हातानं दार धरून उठला. "चाल," म्हणाला.

मी मॅडमना फोन लावला. त्या नागपूरला होत्या. "बचाव पथक निघतंय, रत्ना," त्या म्हणाल्या, "पण भिंतीला हात लावू नको. गॅलरीत पंख्याची हवा आहे. भिंत उघडली की विरजण चवताळेल, गॅलरी जाईल, आणि तुम्हीही जाल." खोटं काही बोलत नव्हत्या. पण नागपूरहून पथक येईपर्यंत आतली हवा कोणासाठी थांबणार होती? "हो मॅडम," मी म्हटलं आणि फोन बंद केला. गॅलरीच्या दाराशी सुगंधा सब्बल आणि गैती घेऊन आली, पण पहारेकऱ्यानं दार अडवलं. सुगंधानं त्याच्या मनगटाला चावा घेतला आणि किल्ल्या हिसकल्या. बाई आहे का वाघीण!

उताराच्या पायऱ्या उतरून आम्ही तिघं भिंतीपाशी आलो. मी कान लावला. पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता, अगदी मंद. शालिकनं कान लावला आणि तो मागं सरला. भिंतीला टेकून रडायला लागला माझा भाऊ.

"रडू नंतर," मी म्हटलं, "दाखव कुठं मारू."

डाव्या कोपऱ्यातले दगड सैल होते. मी सब्बल घातली, सुगंधानं गैती. सखाराम, बाजीराव, फकिरा, नावं दगडासकट खाली पडत होती. शालिक डाव्या हातानं दगड ओढत होता. बापाचं नाव आलं तेव्हा मी क्षणभर थांबले. त्यानंच माझ्या हातातली सब्बल घेतली, खांद्याचा जोर लावून एका हातानं त्या दगडाच्या फटीत रोवली आणि दगड पाडला. नाव मधोमध फुटलं.

भोक पडलं तशी पलीकडून गरम, कुबट वाफ तोंडावर आली. आणि आमच्या मागच्या पंख्याची हवा सूं करत आत घुसली. लगेच फसफस ऐकू यायला लागली. टॉर्च मारला तर पलीकडं बोगद्याच्या जमिनीवर पांढरं विरजण सरकत होतं, डोश्याच्या पिठासारखं फुगत, आमच्याच दिशेनं.

"पंखा बंद कर," मी सुगंधाला म्हटलं. ती धावली. पण एवढ्या मोठ्या गॅलरीतली हवा कुठं जाते?

आधी किसन आला, रांगत, तोंडातून फेस. मग पोचय्या. त्यांना मी बगलेत हात घालून ओढलं. "झिबल?" मी विचारलं. किसननं नुसती मान हलवली. झिबल आणि नथ्थू मागं होते, आतल्या वाटेपाशी. दोघं दगड खणत बसले होते आणि तिथंच गुदमरून गेले. आता तिथवर विरजण आलं होतं.

डोमा शेवटचा. भोकात छातीपर्यंत आला आणि अडकला, एवढं मोठं धूड! शालिकनं बाजूचे दोन दगड पाडले, एक पाय त्या फटीतून पलीकडं रोवला, डाव्या हातानं त्याची कॉलर धरली आणि ओढलं. डोमा बाहेर येऊन पालथा पडला. धापा टाकत राहिला. मग मान वर केली आणि त्याला दिसलं कोण उभं आहे ते.

"तूच ना बे," तो म्हणाला. "तूच बुजवलं ना!"

शालिकनं नाही म्हणायला हवं होतं. खोटं बोलायचा काय हाच एक मुहूर्त चुकवायचा होता त्याला? "हो," म्हणाला तो.

डोमा उठला. जमिनीवर पडलेली सब्बल उचलली आणि शालिकच्या पाठीत घातली. शालिक अजून भोकातच होता, एक पाय आत, एक बाहेर. तो मागं कोसळला आणि वरची सैल झालेली भिंत त्याच्या आतल्या पायावर आली. त्याची किंकाळी बोगद्यातून परत ऐकू आली. डोमानं दुसऱ्यांदा सब्बल उगारली तेव्हा सुगंधानं गैतीचा दांडा त्याच्या तोंडावर मारला. दोन दात पडले. "बस कर बे मेल्या! त्यानंच काढला तुले!" ती किंचाळली. मग स्वतःच खाली बसून हमसून हमसून रडायला लागली.

मी भोकात टॉर्च धरला. शालिकचा पाय दगडांखाली होता, गुडघ्यापर्यंत. आणि विरजण तिथवर पोचलं होतं. बुटाभोवती चढून, पोटरीभोवती चढून, दगडांच्या फटींतून वर येत होतं. मी हातानं खरवडलं. वरचं मऊ निघालं, आतलं कठीण झालं होतं. हात भाजले. डोमा बाजूला आला, त्यानंही ओढलं. मी म्हटलं, "ओढू नको, काही होत नाही त्यानं," कारण शालिक ओरडत होता आणि पाय तसूभर हलत नव्हता.

मला हिशेब येतो विरजणाचा. टाकीवर त्याच्याशीच तर झुंज असते रोजची. ते गुडघ्याला थांबणार नव्हतं. मांडीला आलं की कंबर, आणि कंबरेला आलं की माझा भाऊ भिंतीत.

काचेच्या कपाटात लाकडी टेकू तोडायची जुनी कुऱ्हाड मांडली होती. मी कपाट फोडलं.

शालिकनं कुऱ्हाड पाहिली. "नोको रत्ने," तो म्हणाला. "नोको व. थांब थोडं. पथक येऊन राहिलं ना? थांब ना व बाई."

"डोमा, धर याले," मी म्हटलं.

डोमानं त्याला मागून मिठी मारली. ज्यानं त्याचा हात मोडला, पाठ फोडली, त्याच्याच छातीवर माझ्या भावाचं डोकं होतं. मी सुगंधाचा पदर फाडून मांडीवर आवळला. मग मारली. एका घावात झालं नाही. मी सांगत नाही किती घाव लागले, आणि कोणी विचारूही नये. मी शिव्या देत होते, त्याला, डोमाला, त्या भिंतीला, मॅडमला, मेलेल्या बापाला. शालिक शेवटी शेवटी ओरडेनासा झाला. पाय सुटला तेव्हा डोमानं त्याला खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या चढायला लागला. का घेतलं खांद्यावर, ते त्यालाच माहीत. आम्ही सगळे, किसन आणि पोचय्यासकट, वर पोचलो आणि मागं वळून पाहिलं, तर पायऱ्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पांढरं आलं होतं.

पोलीस आले. कोणी तक्रार दिली नाही. देणार कशी? बंद खदानीत माणूस जातच नाही, असं सगळ्या कागदांत लिहिलेलं. आत माणूसच नव्हता तर कोंडला कोणी, मेला कोण? झिबलच्या म्हाताऱ्या बापाला साहेब म्हणाले, पोरगा कामाला बाहेरगावी गेला असेल. नथ्थूची बायको आठ दिवस नाल्याच्या काठाला बसून राहिली, मग भावाच्या गावी गेली. माझी नोकरी गेली, ते बरंच झालं. शालिक वाचला. पण तो माझ्याशी बोलला नाही. दवाखान्यात गेले तर भिंतीकडं तोंड फिरवायचा. घरी गेले तर वहिनी दार लावून घ्यायची. भाऊबीजेला मी ताट घेऊन दारात उभी राहिले आणि ताट तसंच परत आणलं. पाय तोडला म्हणून राग होता का कॅन भरून दिली म्हणून, का त्याला मुसळानं मारलं म्हणून, काही कळायला मार्ग नव्हता. त्याच्या जिवासाठी मी हे केलं, जीव वाचला, पण भाऊ मला राहिलाच नाही.

संग्रहालय मात्र झालं. प्रकल्पवाल्यांनी दगड झालेली गॅलरी तारेच्या करवतीनं कापत कापत पुन्हा मोकळी केली. अर्धी भिंत दगडातच मिसळून गेली होती, ती तशीच ठेवली. आणि भिंतीपाशी कापताना एक बूट सापडला, आत पायासकट. तो त्यांनी दगडाच्या लादीतच ठेवला, पॉलिश केली, खाली दिवा लावला. लोक सगळ्यात जास्त तिथंच उभे राहतात.

उद्घाटनाच्या दिवशी मीही गेले, गर्दीत मागं उभी राहिले. एक शिकलेली पोरगी माइकवर माहिती सांगत होती. "हा अज्ञात कामगाराचा पाय आहे. जुन्या पूर दुर्घटनेच्या काळातला असावा. या कामगाराचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही."

"अज्ञात कोन व पोरी?"

गर्दी बाजूला झाली. कुबड्यांवर शालिक उभा होता. पाठ वाकलेली, दाढी पिकलेली. त्यानं विजारीचा रिकामा पाय उचलून दाखवला. कोणीतरी हसलं आणि मग कोणी हसलं नाही.

"शालिक कवडू दुर्गे. लिही."

"पण काका," पोरगी चाचरली, "रेकॉर्डमध्ये तसं काही... खदान बंद झाल्यावर आत कोणी गेलंच नाही."

शालिकनं गर्दीवरून नजर फिरवली. माझ्यावर येऊन थांबला. कुबडी उचलली आणि माझ्याकडं रोखली.

"इले इचार," तो म्हणाला. "माही बहीण होय ते. इनंच तोडला."

सगळे माझ्याकडं वळले. मला रडू फुटलं, मी ते आवरलं नाही. पदरानं नाक पुसलं आणि पुढं गेले, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"हो," मी त्या पोरीला म्हणाले, "मीच तोडला. आणि या दगडाच्या मागं आणखी दोघं जण हायेत. झिबल आत्राम आणि नथ्थू वाढई. लिहून घे."